खोगीर आणि खुबा

बालरोगतज्ज्ञाने मोटारसायकल आणि खुब्याचे दुखणे या विषयावर लेखणी उचलावी, हे आपल्या मंडळातील अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांना अतिक्रमण वाटण्याचा संभव आहे. त्यांची क्षमा मागूनच आरंभ करतो. परंतु माझ्याकडे येणारे मूल एकटे येत नाही. त्याला कोणीतरी घेऊन येते, आणि माळवा-निमाडच्या या पट्ट्यात ते साधन बहुधा मोटारसायकल असते. धारच्या, मनावरच्या, खरगोनच्या बाजूने पुढे बाप, मधे तापाने फणफणलेले लेकरू आणि मागे आई, अशी सत्तर-ऐंशी, प्रसंगी शंभरावर किलोमीटरची मजल मारून ही मंडळी इंदूरला पोहोचतात. मूल तपासून होते, औषधे समजावून होतात, आणि उठताना बाप एक हात खुब्यावर दाबून क्षणभर वाकलेलाच राहतो. विचारले तर संकोचाने म्हणतो, "काही नाही डॉक्टरसाहेब, गाडीवर बसून कंबर धरली."

हे "काही नाही" मी गेली अनेक वर्षे ऐकत आलो आहे. ते केवळ या बापांचे नाही. आपल्या दवाखान्यांत बॅग घेऊन तिष्ठत बसणारे औषध-प्रतिनिधी, लसींची पेटी घेऊन गावोगाव जाणारे आरोग्य कर्मचारी, दुधाच्या कॅन लटकवून पहाटे निघणारे गवळी, आणि अलीकडच्या काळात घरोघरी जेवणाचे डबे पोहोचवणारी विशी-पंचविशीची मुले, या सर्वांचा दिवस मोटारसायकलच्या सीटवर जातो. मी स्वतःही तीस वर्षे मोटारसायकल चालवतो. रविवारी महेश्वर किंवा मांडू आणि वर्षातून एखादे वेळी आग्रा-मुंबई रस्त्याने धुळ्यापर्यंत. माझी गोष्ट हौसेची आहे, त्यांची पोटाची. आपल्या सल्ल्याचा कस लागतो तो त्यांच्यापाशी.

आणि आपला सल्ला तरी काय असतो? बहुतेक वेळा दोनपैकी एक. पहिला, "गाडी चालवणे सोडा." दुसरा, वेदनाशामक गोळी, सोबत स्नायू सैल करणारी दुसरी आणि पोटाला त्रास होऊ नये म्हणून तिसरी. पहिला सल्ला ज्याला परवडत नाही त्याला दिला जातो. दुसरा दुखण्याचे कारण जागच्या जागी ठेवून केवळ त्याची जाणीव बोथट करतो. माझे स्पष्ट मत असे आहे की, लांबच्या प्रवासात दुखणाऱ्या खुब्याचा उपचार बऱ्याच अंशी त्या माणसाच्या गाडीवर आणि त्याच्या बसण्याच्या रीतीत दडलेला असतो, आणि तो शोधायला आपण आपल्या टेबलापासून उठत नाही.

प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. आपल्या भाषेत "कंबर" हा फार उदार शब्द आहे. पाठीच्या शेवटच्या मणक्यांपासून मांडीच्या वरच्या टोकापर्यंत सर्व काही त्यात सामावते. म्हणून रुग्णाला शब्दांत न विचारता हात ठेवून दाखवायला सांगावे. हात जांघेत गेला, किंवा अंगठा मागे आणि बोटे पुढे अशी खुब्याला कवेत घेणारी पकड त्याने दाखवली, तर दुखणे खुब्याच्या सांध्यातील असण्याची शक्यता अधिक. हात बाहेरच्या बाजूच्या उंचवट्यावर टेकला आणि त्या कुशीवर झोपवत नसेल, तर नितंबाच्या स्नायूंच्या कंडरांचा दाह मनात आणावा. चाळिशी-पन्नाशीच्या स्त्रियांत हा विशेष आढळतो. बोट बसण्याच्या हाडावर गेले तर तो बैठकीचा दोष. मांडीच्या बाहेरच्या अंगाला आग आणि बधिरपणा असेल, तर जांघेपाशी एक त्वचेची नस दबली आहे असे समजावे. घट्ट पट्टा आणि सुटलेले पोट हे तिचे जुने वैरी. आणि कळ नितंबातून गुडघ्याखाली उतरत असेल, तर खुब्याला सोडून पाठीच्या कण्याकडे वळावे.

येथे बालरोगतज्ज्ञ म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. खुबा हा लबाड सांधा आहे. तो स्वतः दुखतो आणि बोट गुडघ्याकडे दाखवतो. पर्थीस आजारात चार ते आठ वर्षांचे मूल, किंवा खुब्याच्या गोळ्याचे टोक घसरू लागलेला दहा-पंधरा वर्षांचा स्थूल मुलगा, अनेकदा गुडघा दुखतो म्हणूनच येतो. त्यामुळे गुडघ्याची तक्रार आली की खुबा तपासायचा, हा आमच्या शाखेचा पहिला पाठ. मोठ्यांनाही तो लागू आहे. लांबच्या प्रवासानंतर गुडघा धरला असे सांगणाऱ्या मोटारसायकलस्वाराचा खुबा आतल्या बाजूस फिरवून पाहावा. कधी कधी खरे दुखणे तेथे सापडते.

आता मूळ प्रश्न. दोन्ही मांड्या फाकवून बसणे हेच खुब्याला घातक आहे काय? तसे असते तर ज्या गावात होळकरांचे घोडदळ नांदले, तेथे पिढ्यान्‌पिढ्या खुबे निकामी झाले असते. उलट आम्ही बालरोगतज्ज्ञ मेंदूच्या पक्षाघाताने ताठरलेल्या मुलांसाठी घोड्यावर बसवण्याचा उपचार सुचवतो. घोडा चालतो तेव्हा स्वाराचे कटिर प्रत्येक पावलागणिक पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे हलते. जणू मूल बसल्या जागी चालण्याची हालचाल शिकते. बैठक तीच, मांड्यांची ठेवण जवळपास तीच; पण घोड्याच्या खोगिरावर खुबा हलता राहतो आणि मोटारसायकलच्या सीटवर तो गोठतो. माझ्या मते साऱ्या प्रकरणाचे मर्म या एका फरकात आहे.

गोठलेल्या बैठकीत काय घडते, ते पाहा. खुबा सुमारे काटकोनात वाकलेला राहतो, त्यामुळे पोटातून मांडीकडे येणारा स्नायू तासन्‌तास आखडलेल्या अवस्थेत असतो. गाडीवरून उतरताच सरळ उभे राहवत नाही, त्याचे हे एक मोठे कारण. नितंबाचे स्नायू, ज्यांनी कटिराला आधार द्यायचा, ते वजनाखाली चेपून निष्क्रिय पडतात. बसण्याच्या दोन हाडांखाली त्वचेचा व मांसाचा रक्तपुरवठा दाबाने मंदावतो. जुन्या इंग्रजी वैद्यकात या हाडांवरील पिशवीच्या दाहाला विणकऱ्यांच्या बैठकीचे नाव मिळाले होते. महेश्वरला अहिल्याबाईंच्या काळापासून चालत आलेले माग पाहायला आपण हौसेने जातो; घाट उतरून तेथे पोहोचेपर्यंत आपणही त्या व्याधीचे उमेदवार झालेले असतो. भर म्हणून खड्ड्यांचे धक्के. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला चार ते आठ कंपनांना सर्वाधिक प्रतिसाद देतो. खराब रस्ता आणि थकलेला शॉकअप नेमकी तीच मंद कंपने वर पाठवतात.

काही जणांच्या खुब्याची घडणच अशी असते की, तो जास्त वाकला की हाडाची कड हाडावर घासते. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील राइनहोल्ड गांझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ही कल्पना सविस्तर मांडली आणि तरुणांच्या जांघेतील दुखण्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. अशा तरुणाने पुढे झुकून, पाय मागे-वर दुमडून चालवायची शर्यतीच्या धाटणीची गाडी घेतली, तर तो रोज त्या कडेवर कड घासत असतो. त्याला गोळी देऊन काय साधणार?

म्हणून रुग्णाला एकदा त्याच्या गाडीवर बसवून पाहावे, असा माझा आग्रह आहे. पाच मिनिटांचे काम आहे आणि ते दवाखान्याच्या दारातच होते. सीट फार खाली आणि फूटरेस्ट फार वर असेल तर खुबा व गुडघा दोन्ही अधिक दुमडतात. पाय जमिनीला व्यवस्थित टेकत असतील इतपत सीट उंचावली की कोन उघडतो. फूटरेस्ट फार पुढे असलेल्या ऐसपैस दिसणाऱ्या गाड्यांवर कटिर मागे कलते आणि भार माकडहाडाकडे सरकतो. प्रथमदर्शनी सुखावह, शंभर किलोमीटरनंतर असह्य. हँडल दूर असेल तर माणूस कमरेतून ओढला जातो. ते थोडे वर-मागे घेता येते. सामान्यतः ताठ बसवणारी साधी गाडी लांबच्या प्रवासाला सर्वांत सोशिक ठरते, आणि ती बहुधा स्वस्तही असते.

सीटबाबत एक गैरसमज सर्वत्र आहे. मऊ सीट म्हणजे आरामाची सीट, असे समजून लोक जाड, लुसलुशीत फोम भरून घेतात. दहा मिनिटे ती गादी वाटते. पुढे फोम दबून तळाला लागतो आणि हाडे पत्र्यावर टेकतात. सीट रुंद, बेताची घट्ट आणि सपाट हवी. पुढे उतरती असेल तर माणूस सतत टाकीकडे घसरतो आणि मांड्यांनी स्वतःला अडवत राहतो. सीट शिवणाऱ्या कुशल कारागिराकडून हे काम थोडक्या पैशांत होते. मागच्या खिशातले जाड पाकीट मात्र आजच काढावे. एका नितंबाखाली वीट ठेवून कोणी खुर्चीवर बसत नाही, पण गाडीवर आपण तेच करतो. घट्ट पट्ट्यालाही एक भोक सैल करावे.

चढण्या-उतरण्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. मागे बॅगा बांधून त्यांच्यावरून पाय फेकताना पन्नाशीच्या माणसाच्या खुब्याला जो झटका बसतो, तो कित्येकदा दुखण्याचा आरंभ असतो. सामान बांधण्यापूर्वी बसून पाहावे, किंवा गुडघा वाकवून पाय सीटच्या पुढच्या भागावरून न्यावा. मागे बसणाऱ्यांचे हाल निराळे. साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसलेल्या आपल्या भगिनींचे कटिर एकीकडे आणि धड दुसरीकडे असे पिळलेले राहते, आणि एकच खुबा अधिक भार सोसतो. शक्य तेथे सलवार घालून दोन्हीकडे पाय टाकून बसावे. ते न जमल्यास दोन्ही पावले टेकतील असा रुंद फूटरेस्ट बसवून घ्यावा आणि थांबे वाढवावेत. टाकीवर लेकरू बसवण्याची रीत तर बापाच्या खुब्यालाही वाईट, कारण तो मागे सरकून मांड्या अधिक फाकवतो, आणि लेकराच्या जिवालाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनी चार वर्षांपर्यंतच्या बालकासाठी सुरक्षा-पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा ठरवली आहे. हे आपल्यापैकी किती जण पालकांना सांगतात?

आता रस्त्यावरचा उपाय. तो एका वाक्यात सांगता येतो: दुखण्याच्या आधी थांबा. दुखू लागल्यावर थांबणे म्हणजे ताप चढल्यावर घाम पुसणे. दर तासाला, फार तर सव्वा तासाने, गाडी उभी करून पाच मिनिटे चालावे. धुळ्याकडे जाताना मानपूर, खलघाट, सेंधवा, शिरपूर अशी ठिकाणे जणू याचसाठी वसली आहेत. नर्मदेच्या पुलापाशी थांबायला तर कारणही लागत नाही. चालून झाल्यावर धाब्याच्या पायरीवर एक पाय ठेवावा, मागचा पाय सरळ ठेवून कटिर पुढे ढकलावे, आणि जांघेत ताण जाणवेल अशा स्थितीत अर्धा मिनिट राहावे. मग पाय बदलावा. बाकावर बसून एका गुडघ्यावर दुसऱ्या पायाचा घोटा ठेवून पुढे वाकावे, म्हणजे नितंबाचा खोल स्नायू मोकळा होतो. चालत्या गाडीवरही बैठक थोडी पुढे-मागे करावी, एकेक नितंब आवळून सोडावे. मोकळ्या, सरळ आणि चांगल्या रस्त्यावर सरावलेल्या माणसाने क्षणभर फूटरेस्टवर उठून बसण्यास हरकत नाही. वाहतुकीत हा प्रयोग नको. खरे बळ मात्र घरी कमवायचे असते. उताणे झोपून पाय दुमडून कंबर उचलणे, कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणे, हे दोन व्यायाम आठवड्यातून तीन-चार दिवस, दीड-दोन महिने नेटाने केले की फरक जाणवू लागतो.

गोळ्यांविषयी मला थोडे कठोर बोलायचे आहे. मे महिन्यात निमाडच्या उन्हात घामाने निथळत, वाटेत लघवीला थांबावे लागू नये म्हणून पाणीही न पिता निघालेल्या माणसाच्या हाती आपण वेदनाशामक गोळी देतो. शरीरातले पाणी कमी झालेले असताना ही औषधे मूत्रपिंडाला इजा करू शकतात. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर धोका अधिक. स्नायू सैल करणारी आणि ट्रॅमाडोलसारखी औषधे झोप आणतात. घाटातल्या वळणावर ट्रकच्या मागे असलेल्या स्वाराला डुलकी आणणारे औषध लिहिताना तो घरी कशाने जाणार, हे विचारणे आपले कर्तव्य आहे. त्यापेक्षा पाण्याची बाटली लिहून द्यावी. पाणी प्यायलेला माणूस तासाभरात थांबतोच, आणि थांबला की चालतोही!

हे सर्व सांगताना एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. प्रत्येक दुखणे गाडीच्या माथी मारून चालणार नाही. जांघेतले दुखणे विश्रांतीनेही न थांबणे, रात्री झोपमोड करणे, सोबत ताप किंवा वजन घटणे, पडल्यानंतर पायावर भार न देता येणे, यांतले काहीही असल्यास तत्काळ तपासणी हवी. बैठकीच्या भागातील बधिरपणा उतरल्यावर गेला नाही किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर तो मज्जातंतूंच्या आणीबाणीचा इशारा आहे. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मृत होण्याचा विकार तर आपल्या भागात विशेष ध्यानी ठेवावा. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे आणि अतिमद्यपी यांना तो होतो हे सर्वज्ञात आहे. कोविडच्या साथीत स्टेरॉइड मिळालेल्या रुग्णांत तो आढळल्याचे मुंबईच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी २०२१ मध्ये नोंदवले. शिवाय झाबुआ, अलीराजपूर, बडवानी, धार या जिल्ह्यांतील आदिवासी बांधवांत सिकलसेलचा आजार आहे, आणि तो तरुण वयातच, कित्येकदा किशोरवयात, खुबा पोखरतो. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय अभियानाचा आरंभ झाला, तो याच राज्यात. त्या बाजूच्या विशीतल्या तरुणाने जांघ धरली आहे असे सांगितल्यास, गाडीची चौकशी करण्याआधी सिकलसेलची करावी. आरंभी क्ष-किरण चित्र निर्दोष दिसू शकते. शंका असल्यास एमआरआय करून घ्यावा.

काही मित्र म्हणतील की, दुचाकी हे मुळातच जोखमीचे वाहन आहे. ते सुखकर करण्याऐवजी ते टाळण्याचा सल्लाच हितकर. या म्हणण्यात तथ्य आहे. दुखण्याने गांजलेल्या, नुकताच कृत्रिम खुबा बसवलेल्या किंवा झोपेची औषधे चालू असलेल्या माणसाला मीही गाडी ठेवून द्यायलाच सांगेन. परंतु जेथे दिवसातून दोनदा बस येते, तेथील बापाला "टाळा" म्हणणे हा सल्ला नव्हे. ती आपली सुटका आहे. शिवाय दुखरा खुबा हाच एक धोका असतो. वेदनेने चाळवाचाळव करणारा, थकलेला स्वार रस्त्यावर उशिरा सावध होतो. खुबा बरा ठेवणे हा रस्ता-सुरक्षेचाच भाग समजावा.

आपल्या इंदूरजवळ पीथमपूरला २०२१ मध्ये ११.३ किलोमीटर लांबीची, वाहनांच्या चाचणीसाठीची लंबवर्तुळाकार धावपट्टी सुरू झाली. गाडी किती वेग सोसते, किती धक्के सोसते, याची तेथे काटेकोर परीक्षा होते. ती चालवणारा माणूस किती सोसतो, याची परीक्षा घेणारी जागा मात्र आपला दवाखानाच आहे, आणि तेथे आपण वाहनाचा विषयही काढत नाही.

म्हणून मंडळापुढे दोन साध्या सूचना ठेवतो. पहिली, आपल्या केसपेपरवर व्यवसाय आणि वय यांच्या शेजारी आणखी एक ओळ असावी: रोज किती किलोमीटर, कोणत्या वाहनावर. दुसरी, मंडळाच्या पुढील आरोग्य शिबिरात रक्तदाब आणि साखर यांच्या टेबलांपलीकडे, मांडवाच्या बाहेर सावलीत, एक जागा मोटारसायकलस्वारांसाठी राखावी. त्याने स्वतःच्या गाडीवर बसावे, एकाने गाडी धरावी, अस्थिरोगतज्ज्ञाने त्याचा खुबा पाहावा, भौतिकोपचारतज्ज्ञाने दोन व्यायाम शिकवावेत, आणि शक्य झाल्यास सीट शिवणारा एक कारागीरही मानाने बोलवावा. सिकलसेलच्या चाचणीची सोय शेजारीच असावी. खर्च नगण्य आहे. लागणार आहे ती खुर्ची सोडून दारापर्यंत जाण्याची तयारी. त्या जागेवर दिवसभर उभे राहण्याचे काम मी आनंदाने पत्करतो.